हौशी नाटकावर खरं लिहायचं नाही, तर लिहायचं कशाला?

गावभागकर:
राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावरून सध्या एक मजकूर सगळीकडं फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्राथमिक फेरी चालू असताना स्थानिक पेपरांनी रोजच्या रोज परीक्षणं छापू नयेत. हौशी मंडळी नोकऱ्या सांभाळून नाटक करतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जाहीर चिरफाड कशाला? परीक्षक लॉजवर बसून तेच पेपर वाचतात आणि त्यांचं मत फिरतं. लिहायचंच तर निकालानंतर लिहा, आणि लिहाल ते प्रोत्साहनपर लिहा.

मजकुराखाली नाव नाही. पण त्यात "रात्री अकराला घरी जाऊन तासाभरात दुसऱ्याच्या तीन महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लावणारे" असं जे म्हटलंय, ते गावात माझ्यासारख्या चार-दोघांनाच लागू पडतं. म्हणून उत्तर देतोय.

अकराला मी घरी जात नाही. पडदा पडला की नाट्यगृहाच्या आवारातच गाडीवर बसून मोबाईलवर लिहायला घेतो, कारण पान पाऊण तासात सुटणार असतं आणि उपसंपादकानं दोन कॉलम अडवून ठेवलेले असतात. आत नातेवाईक कलाकारांबरोबर फोटो काढत असतात, मागच्या दारानं सेटच्या भिंतींचे फ्लॅट बाहेर निघत असतात. पत्रिकेवर एकाचं नाव आणि रंगमंचावर दुसराच माणूस असं पुष्कळदा होतं. मग उठायचं, विंगेत जायचं, मेकअप पुसणाऱ्या त्या माणसाला नाव विचारायचं, आडनावाची खात्री करायची आणि परत येऊन लिहायचं. तीनशे शब्दांत संहिता, दिग्दर्शन, पाच-सहा भूमिका, नेपथ्य, प्रकाश, संगीत सगळं बसवायचं. मिळणाऱ्या मानधनात पेट्रोल सुटत नाही. तरी जातो, कारण हौशी नाटकाचं दुसरं काहीही मागं उरत नाही.

स्पर्धेतली बहुतेक नाटकं एकदाच होतात. संहिता छापली जात नाही. भाड्यानं आणलेला सेट त्याच रात्री परत जातो. तीन महिन्यांच्या तालमीतून जे उभं राहिलं, ते रात्री अकरा वाजता संपतं. मग उरतं काय? एक प्रमाणपत्र, मोबाईलमधले अंधारे फोटो आणि ते तीनशे शब्द. 'निकालानंतर लिहा' म्हणणाऱ्यांनी निकालाची बातमी नीट वाचावी. पहिल्या तीन संस्था, वैयक्तिक बक्षिसं, आणि बाकीच्यांचं नावसुद्धा नाही. पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जाईल, त्याच्यावर पुढं कुणीतरी लिहीलच. सातव्या-आठव्या नंबरवर राहिलेल्या नाटकात एखाद्या पोरानं केवढी मोठी भूमिका केली, हे त्या रात्री मी लिहिलं नाही तर नंतर कोण लिहिणार?

आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून. पण त्या पहिल्या प्रयोगाला सांगलीत वर्तमानपत्रच नव्हतं. भाव्यांची मंडळी १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थेटरात खेळ करायला गेली, तेव्हा कुठं पेपरांतून त्यांच्याबद्दल छापून आलं. पहिल्या रात्री कोण चुकलं, कोणाला दाद मिळाली, प्रेक्षक कुठं हलले, हे लिहून ठेवणारा माणूस त्या दिवशी सांगलीत हवा होता असं मला फार वाटतं. आता माणूस आहे, तर त्याला म्हणता लिहू नको.

आणि प्रोत्साहनपर म्हणजे काय? 'दमदार सादरीकरण', 'रसिकांची भरभरून दाद'. पंधरा दिवस पंधरा नाटकांना हेच लिहिलं तर सोळाव्या दिवशी पेपर कोण उघडेल? ज्याला खरंच दाद मिळाली त्याच्यावर तो अन्याय आहे. परीक्षकांचं म्हणाल, तर तीन जाणकार माणसं समोर बसून अख्खं नाटक बघतात. माझ्या दोन कॉलमांनी त्यांचं मत फिरणार असेल, तर तक्रार परीक्षक नेमणाऱ्यांकडं करा.

तालमीतला:
तो मजकूर माझा नाही, पण खाली माझं नाव घालायला मी तयार आहे.

गावभागकर, तुम्ही इतिहासाचं बोललात. मी माझ्या संस्थेचं सांगतो. आमच्यात एक ताई होत्या. दोन पोरं, सासू-सासरे, शिलाईचं काम. आष्ट्याहून संध्याकाळी एस.टी.नं तालमीला यायच्या आणि शेवटच्या गाडीनं परत जायच्या. घरच्यांची परवानगी मिळवायला आम्ही तिघे त्यांच्या घरी जाऊन बसलो होतो. प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव घालून एक ओळ आली, की अमुक भूमिकेत त्या शोभल्या नाहीत आणि आवाज पोचला नाही. दिराचं दुकान आहे. गिऱ्हाईकानं ती ओळ दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. संपलं. ताई परत रंगमंचावर आल्या नाहीत. त्यांना ती भूमिका देणारा मी, उभं कुठं राहायचं ते ठरवणारा मी. मग मला झोडा ना! माझं दिग्दर्शन फसलं म्हणून लिहा. मला पगार बँक देते, माझं काही बिघडत नाही.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल, आपले देवल मास्तर, इथल्याच हरिपूरचे. नटांना घडवणारा तालीम मास्तर म्हणून त्यांचं नाव घेतो आपण. ते कान पिळायचे ते तालमीत. गावाला बोलावून नाही.

गावभागकर:
वाईट झालं. मनापासून म्हणतो. पण त्या घरात ओळ आली नसती तरी दुसरं निमित्त सापडलं असतं. ज्या घरात परवानगी मागायला तिघांनी जाऊन बसावं लागतं, त्या घराचा राग परीक्षणावर काढू नका. तिकीट लावून पडदा उघडलात की ते तुमच्या तालमीतलं राहत नाही. कौतुकाची ओळ आली असती तर ती तुम्ही फ्लेक्सवर छापली असती की नसती?

मिरज_जंक्शन:
एक गोष्ट तुम्ही दोघेही बोलत नाही आहात, म्हणून मी बोलतो. आयुष्यभर पेपरची पानं लावली, आता निवृत्त आहे. परीक्षण लिहिणारा तीनशे शब्द लिहितो आणि छापून येतात दीडशे. रात्री जाहिरात आली की मजकूर खालून कापतात, वाचत बसायला वेळ नसतो. लिहिणाऱ्याची सवय अशी की वर कथानक, मग दिग्दर्शक, मग मुख्य भूमिकांतलं खटकलेलं, आणि शेवटच्या परिच्छेदात 'नवोदितांपैकी अमुकचा आत्मविश्वास लक्षात राहतो'. कात्री लागते ती नेमकी तिथं. त्यामुळं सकाळी जे दिसतं ते लेखकानं लिहिलं त्यापेक्षा कडू दिसतं. तालमीतले, तुमच्या ताईंच्या ओळीपुढं आणखी काही असेलही. गावभागकर, तुम्हीही नवख्यांचं चांगलं वर घ्यायला शिका, राव. इतकी वर्षं लिहिताय.

आणि हो, ज्या संस्थेनं जाहिरात दिली तिला चार कॉलम आणि फोटो, हेही आपल्याच जिल्ह्यात चालतं. त्यावर त्या फिरत्या मजकुरात एक शब्द नाही.

विंगेतून:
खालून कापतात म्हणजे आम्हालाच कापतात की. मी लाइट करतो. शेवटची ओळ ठरलेली: 'प्रकाशयोजना अमुक, नेपथ्य तमुक, संगीत पूरक.' ती बी कापली तर आमचं नाव कुठंच नाही. स्पर्धेत सकाळी नाट्यगृह ताब्यात येतं, आदल्या संस्थेचे लाइट काढून आपले लावायचे, दुपारपर्यंत फोकस करायचे, तोवर दिग्दर्शकाला रंगीत तालीम पाहिजे असते. लाइटपुढं लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद करपलेले असतात, उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरचे दोन चॅनल बंद असतात. तरी रात्री नाटक उजळतंच. ते कसं उजळलं हे एका तरी समीक्षकानं विंगेत येऊन विचारलंय काय?

आणि तुम्ही हौशींवर एवढं काटेकोर लिहिताय, मग पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं आपल्याकडं अर्धा सेट घेऊन येतात त्यावर का लिहीत नाही? तिथं तुमची लेखणी कुठं जाते?

साताराकर:
विंगेतून, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडं शाहू कलामंदिरला नाटक बघतो आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. मागं एक नाटक पुण्यात पाहिलं आणि पाहुण्यांना दाखवायचं म्हणून साताऱ्यात परत पाहिलं. पुण्याला मागं पूर्ण उंचीचा जिना होता. नायक त्यावरून खाली उतरतो, मधल्या पायरीवर थांबतो आणि म्हणतो, इथून सगळं घर दिसतं. अख्ख्या नाटकाचा कणा तो प्रसंग. साताऱ्यात जिनाच नाही. दोन फळ्यांची एक लेव्हल ठेवलेली. नट विंगेतून चालत आला, त्या घोटाभर उंचीवर चढला आणि तेच वाक्य बोलला. शेजारच्या बाई मला विचारतात, याला कुठून काय दिसतंय? तिकिटात सूट होती का? नव्हती.

आणि आमच्या पेपरात दुसऱ्या दिवशी काय आलं? कलाकारांचा सत्कार, शाल-श्रीफळ, मान्यवरांची नावं. नाटकाबद्दल अवाक्षर नाही.

दौऱ्याचा_माणूस:
धागा वाचत होतो, आता राहवत नाही. मी दौऱ्याचं व्यवस्थापन बघतो. काल रात्री कोल्हापुरात प्रयोग, बारा-साडेबाराला सेट उतरवून ट्रकमध्ये, पहाटे तुमच्या गावात. मोठा सेट लावायला चार-पाच तास लागतात. नाट्यगृह मिळतं सत्राच्या हिशेबानं. दुपारच्या सत्रात शाळेचं गॅदरिंग नाहीतर कुणाचा तरी मेळावा. तो लांबला की आम्हाला रंगमंच मिळतो संध्याकाळी सातला आणि तिसरी घंटा असते साडेनऊला. जिना कधी लावायचा? शिवाय प्रत्येक ठिकाणी रंगमंचाची खोली वेगळी, विंगा वेगळ्या. पुण्याला बसतो तो सेट सगळीकडं बसतच नाही. वर्षापूर्वी ठरलेली तारीख एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यक्रमासाठी आदल्या आठवड्यात काढून घेतात, ते कुणाला सांगायचं? डिझेल, टोल, लॉज, जेवण, रंगमंच कामगार, हे सगळं धरून सांगली-सातारा भागात प्रयोग लावणं म्हणजे पदरचे पैसे घालणं आहे. तरी येतो. उद्या येणं बंद केलं तर काय बघणार?

साताराकर:
ही धमकी दर वेळी ऐकतो. या, पण जाहिरातीत लिहा की सेट दौऱ्यापुरता आहे. तिकीट त्या हिशेबानं लावा. न सांगता अर्धं नाटक विकायचं आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं, हे चालणार नाही. आमची अडचण तुम्हाला कळत नाही आणि तुमची अडचण मात्र आम्ही तिकीट काढून समजून घ्यायची?

दौऱ्याचा_माणूस:
कुणी उपकार म्हटलं? शब्द माझ्या तोंडी घालू नका. नाट्यगृहाच्या भाड्यावर, बंद डिमरवर, तुंबलेल्या स्वच्छतागृहावर बोला ना. नट मेकअप रूममध्ये बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतात.

बाल्कनीतून:
स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे तर बायकांना विचारा. मी नाटकाच्या दिवशी दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. अनेक गावांतल्या नाट्यगृहांना तेच. २०१२ ला ९२ वं नाट्यसंमेलन सांगलीत झालं, केवढी भाषणं झाली, नाट्यपंढरी नाट्यपंढरी म्हणून. माझी आई त्या वेळी मांडवातून लवकर घरी आली, कारण तेच. त्या बातम्याही पुरुषच लिहितात, म्हणून येत नाही हे छापून.

जिन्याबद्दल मी साताराकरांच्या बाजूनं आहे. घरातल्या चौघांचं तिकीट काढलं की महिन्याचा एक खर्च मागं पडतो. पूर्ण सेट येणार की नाही हे मला आधी कळायला हवं. आणि ते सांगणारा पेपरवाला सोडून दुसरा कोण आहे? गावभागकर, गप्प का बसलात?

गावभागकर:
गप्प नाही, कामावर होतो. अर्ध्या सेटवर मी लिहिलंय. सेट कुठं कमी होता, त्यामुळं कुठला प्रवेश पडला, नाव घेऊन लिहिलं. त्यानंतर त्या निर्मात्याच्या माणसानं पास बंद केला. तेव्हापासून तिकीट काढून जातो, आणि बरंच झालं, कारण तिसऱ्या रांगेतून नाटक वेगळं दिसतं आणि पंधराव्या रांगेतून वेगळं. तिथून आवाज पोचतो की नाही ते कळतं.

दौऱ्याचा_माणूस:
एकाचा पास बंद झाला म्हणून सगळे निर्माते वाईट? समीक्षकांचंही सांगू का? दोन पास मागायचे, पाच जण यायचे, मध्यंतरात चहा-वडा घेऊन जायचं आणि दुसऱ्या अंकाबद्दल आमच्याच जाहिरातीतल्या ओळी लिहायच्या. डोळ्यांनी बघितलेलं आहे. एकदा तर दुसऱ्या अंकात नटाच्या पायाला लागलं, प्रयोग वीस मिनिटं थांबला, अख्खं थिएटर हळहळलं, आणि परीक्षणात त्याचा उल्लेख नाही, कारण साहेब तेव्हा घरी जेवत होते.

गावभागकर:
तसे आहेत. मी त्यांची बाजू घेणार नाही. पण त्यांच्यामुळं मी लिहायचं थांबवावं हा न्याय कुठला? समीक्षक माधव मनोहर मुंबईत समोर बसले की रूपांतरं करणाऱ्यांना धास्ती असायची, कारण मूळ नाटक कुठलं हे ते सांगायचे. तसा एक माणूस बसलेला असला की नाटक करणारा अंग चोरत नाही. आपल्या गावात त्याच्या दहाव्या हिश्शानं धाक उरला तरी पुष्कळ.

तालमीतला:
मूळ प्रश्न कुठला होता? हौशी नाटकाचं परीक्षण स्पर्धा चालू असताना छापावं का. इथं जिना, टोल आणि स्वच्छतागृह चाललंय. आणि माधव मनोहरांचं नाव हौशींच्या बाबतीत घेऊ नका. ते तिकीट विकून पोट भरणाऱ्यांना धारेवर धरत होते. आमचं पोट नाटकावर नाही. उलट खिशातले जातात. धाक दाखवायचा तर त्यांना दाखवा, जिना सोडून आलेल्यांना.

मिरज_जंक्शन:
पोट नाटकावर नाही म्हणून सूट, हे मला पटत नाही. भाव्यांचं पोट तरी आधी कुठं नाटकावर होतं? नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. 'केसरी'त लिहिलं, १९२३ मध्ये 'नवाकाळ' काढला आणि नाटकंही लिहिली. पेपरवाला आणि नाटकवाला एकाच माणसात राहत होते. तुम्ही दोघं आता एकमेकांना शत्रू समजायला लागलात, त्याचं मला दुःख होतं. हौशी नाटकाला हौशी म्हणून बाजूला काढलं की त्याची किंमत कमी होते. आपल्याकडं व्यावसायिक नाटक बाहेरून येतं. इथं जन्मतं ते फक्त हौशी नाटक. त्यावरच गंभीरपणे लिहायचं नाही म्हणजे सांगलीच्या नाटकावर लिहायचंच नाही.

तालमीतला:
हा मुद्दा मी नाकारत नाही. आवडला नाही, पण नाकारत नाही. गंभीरपणे लिहा. माझं एवढंच म्हणणं आहे की पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या माणसाचं नाव घेऊन वाईट लिहू नका. दिग्दर्शकाचं नाव घ्या, लेखकाचं घ्या, संस्थेचं घ्या. नवख्याचं चांगलं असेल तर लिहा, नसेल तर सोडा. आणि निकालापर्यंत थांबायचा आग्रह मी सोडतो, कारण गावभागकर म्हणतात ते खरं आहे, निकालानंतर आमच्यावर कुणी दोन ओळीसुद्धा लिहीत नाही. गेल्या वर्षी आम्हीच सातवे होतो.

गावभागकर:
मुख्य भूमिकेत नवखा असेल तर त्याच्याबद्दल न लिहिता नाटकावर लिहिता येत नाही. भूमिकेचं नाव घेऊन लिहीन, माणसाचं घेणार नाही, एवढं मान्य करतो. पण त्याचं चांगलं झालं तर माणसाचं नाव वर येईल, पहिल्या परिच्छेदात. ते कापलं गेलं तर मिरजकरांना पाठवा भांडायला. विंगेतून, तुमचा प्रयोग कुठल्या दिवशी आहे सांगा, दुपारी फोकस करताना येऊन बसतो.

विंगेतून:
येत्या गुरुवारी आणि शनिवारी, दोन वेगवेगळ्या संस्था. गुरुवारी या. शनिवारच्या नाटकाला लाइट मागायलाच उशिरा आलेत, त्यात काही बघण्यासारखं नसणार, आणि तसं लिहिलंत तरी माझी हरकत नाही. फक्त डिमर बंद होते हे बी लिहा.

तालमीतला:
शनिवारचं नाटक आमचं आहे. लाइट उशिरा सांगितले कारण संहितेत शेवटचा प्रवेश बदलला. आधी बघा, मग बोला.

साताराकर:
सांगलीकरांचं जमलं असेल तर माझ्या प्रश्नाकडं या. ते जिन्याचं नाटक पुढच्या महिन्यात कराडला लागतंय, प्लॅन उघडलाय. दौऱ्याचे साहेब, जिना येणार आहे का, हो की नाही, इथं लिहा. पाच घरं तिकिटं काढायची थांबली आहेत.